सुहासला पत्र: कन्व्हर्टर, कॅसेटी आणि ती घूं

मडगाव,
१४ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वास्कोच्या सप्ताहात बाबांनी टेप केलेली भजनं लॅपटॉपवर उतरवून ठेवायचं मनावर घेतलंस, फार बरं केलंस. आधी एक विनंती. सगळं सुरळीत होईपर्यंत त्यातली एकही कॅसेट डेकमध्ये घालू नकोस. इतक्या वर्षांची पट्टी प्रत्येक फेरीत थोडी झिजते, आणि डेकने ती गिळली तर ते भजन गेलंच. तपासायला बाजारातली एखादी छापील कॅसेट घे, तुटली तरी जिवाला लागणार नाही अशी.

आणि नवा कन्व्हर्टर, म्हणजे डेकचा आवाज यूएसबीने लॅपटॉपला देणारी ती डबी, मागवू नकोस. रेकॉर्डिंगमध्ये काहीच येत नाही, आलं तर सोबत घूं येते, उजवी बाजू मधूनच जाते आणि दहा-बारा मिनिटांनी तडतड सुरू होते. या चारही तक्रारी एकट्या त्या डबीच्या असतील असं मला वाटत नाही. डेक, वायर, पिना, डबी, यूएसबीची वायर, पोर्ट, विंडोज अशी ही साखळी आहे. एका वेळी एकच कडी बदलायची आणि काय बदललं ते कागदावर लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर आवाज सुधारला तरी कशामुळे ते कळणार नाही, आणि आठवड्याने बिघाड परत येईल.

काहीच येत नाही तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेवून लॅपटॉपच्या अंगावर बोटाने टकटक कर. पडद्यावरची रेघ उडाली तर ऑडॅसिटी, म्हणजे तुझं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवरून ऐकतंय, डेककडून नाही. रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ किंवा तसलं नाव निवड. टकटक करूनही रेघ सपाट राहिली तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन, आणि डेस्कटॉप अॅपना मायक्रोफोन वापरू देण्याचा खटका चालू आहे का बघ. आपण माइक लावलेलाच नाही म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही, पण विंडोज बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक आवाजाला माइकच समजतं. खटका बंद असेल तर कन्व्हर्टर दिसतो, दिवा लागतो, रेकॉर्डिंगही पुढे सरकतं आणि हाती शुद्ध शांतता येते. दिवा लागतो पण वायर जोडताना लॅपटॉप ‘टुडुंग’ करत नसेल, तर वायर फक्त चार्जिंगची आहे. तिच्यात डेटाच्या दोन तारा नसतात.

मग सेटिंग्जमध्येच सिस्टिम, साउंड, त्यात मोअर साउंड सेटिंग्ज, मग रेकॉर्डिंग, कन्व्हर्टरवर दोनदा क्लिक, अॅडव्हान्स्ड. तिथे ‘२ चॅनल, १६ बिट, ४८००० हर्ट्झ’ निवड आणि ऑडॅसिटीतही ४८००० ठेव. कधी कधी विंडोज तिथे १ चॅनल धरून बसतं, मग डावं-उजवं एक होऊन जातं. ड्रायव्हर मात्र शोधत बसू नकोस. तुझ्यासारखे साधे कन्व्हर्टर यूएसबी ऑडिओच्या पहिल्या मानकावर चालतात आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. दुसऱ्या मानकाचा २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत आला.

आता उजवी बाजू. डेक आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या वायरच्या लाल-पांढऱ्या पिना उपसून त्यांचं टोक खिडकीच्या उजेडात धर. मधल्या खिळ्यावर काळपट थर किंवा बाहेरच्या कड्यावर हिरवट ठिपके दिसले तर ते आपल्या पावसाळ्याचं काम. माशेलच्या जुन्या घरात जूनपासून भिंती घामेजतात, तिथे पिना कशा कोरड्या राहणार? औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, कानकाडी त्यात बुडवून पिना पूस, सॉकेटमध्ये दहा-बारा वेळा गोल फिरवत आत-बाहेर कर. यूएसबीचं टोकही तसंच घासून घे. ते वाळायला पाच मिनिटं दे, मगच जोड.

तरीही आवाज जात असेल तर कन्व्हर्टरच्या टोकाला लाल आणि पांढरी पिन अदलाबदल कर. बिघाड डावीकडे सरकला तर तो वायरमध्ये किंवा डेकमध्ये आहे. उजवीकडेच राहिला तर कन्व्हर्टरमध्ये. वायर की डेक हे ठरवायला कन्व्हर्टरकडच्या पिना मूळ जागी लाव आणि डेकच्या टोकाला अदलाबदल कर. आता बिघाड सरकला तर डेकचा दोष, जागचा हलला नाही तर वायर टाकून दे. डेकचा निघाला तर आधी त्याचं हेड, म्हणजे पट्टी ज्याला घासून जाते तो भाग, त्याच अल्कोहोलने पूस. हेडवर तपकिरी थर साचला की एक बाजू अशीच बसते.

घूं हा वेगळाच विषय आहे. तिचा सूर ओळख. खालचा, ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिल्यासारखा असेल तर ती विजेची ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतली १००, १५०. बारीक शिट्टी असेल तर ती बहुधा यूएसबीची. जुन्या मानकात लॅपटॉप कन्व्हर्टरशी दर एक मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला हजार वेळा बोलतो. तोच ठोका ५ व्होल्टच्या पुरवठ्यात शिरला की १००० हर्ट्झचा सूर होऊन ऐकू येतो. त्यावर दुसरा पोर्ट आणि आखूड वायर, एवढाच साधा इलाज.

खालच्या घूंसाठी लॅपटॉपचा चार्जर काढ. घूं तिथल्या तिथे थांबली तर कारण चार्जरमध्येच आहे. टू-पिन चार्जरमधून थोडी वीज लॅपटॉपच्या अंगात झिरपते. पत्र्यावरून हात फिरवताना झिणझिण लागते ना, तीच. अर्थिंग नसलं की ती ऑडिओच्या वायरवरच्या जाळीतून वाट काढते. तुझ्याकडे सोपा मार्ग आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर चालव. बाजू संपली की चार्जर लाव. मध्येच लाइट गेली तर डेक थांबेल, लॅपटॉप नाही, आणि ती बाजू पहिल्यापासून घ्यावी लागेल. म्हणून गडगडाटाच्या दिवशी हे काम काढूच नकोस.

चार्जर काढूनही घूं राहिली तर डेक आणखी कशाला जोडलाय ते बघ. डेक अॅम्प्लिफायरला, अॅम्प्लिफायर टीव्हीला, आणि टीव्हीला बाहेरून आलेली केबल. ती केबल कुठेतरी वेगळ्याच ठिकाणी जमिनीला लागलेली असते आणि दोन अर्थिंगमधला फरक तुझ्या भजनात वाजतो. रेकॉर्डिंगच्या वेळी डेकला कन्व्हर्टरशिवाय दुसरी वायर ठेवू नकोस आणि डेक, लॅपटॉप एकाच बोर्डावर घे. घूं घालवायला थ्री-पिन प्लगची मोठी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नकोस. ती पिन जीव वाचवायला आहे, आणि ओल्या जमिनीवर तर जास्तच. बाजारात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी नळकांडी मिळते. तिच्यातला स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचे सूर खातो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा तो भरदार नाद मग पुठ्ठ्यावर मारल्यासारखा ऐकू येतो. शेवटचा उपाय म्हणूनच ती घे.

तडतडीचं मूळ यूएसबीच्या पद्धतीत आहे. फाइल कॉपी करताना तुकडा हरवला तर कॉम्प्युटर तो परत मागतो. आवाजाचा तुकडा परत मागत नाही, कारण तोवर वेळ निघून गेलेली असते. हरवलेल्या जागी ‘टक्’ होतं. म्हणून माउस आणि प्रिंटर लावलेल्या त्या हबमधून कन्व्हर्टर काढ आणि थेट लॅपटॉपला लाव. वाय-फाय बंद कर. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद कर, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची जी परवानगी असते, तिच्यावरची खूण काढ. ऑडॅसिटीत बफर, म्हणजे आलेला आवाज क्षणभर साठवायची जागा, १०० मिलिसेकंद असतो, तो २०० कर. रेकॉर्डिंगला त्याने काही बिघडत नाही. दहा मिनिटं नीट चालून मग तडतड होते याचा अर्थ मला तरी असा दिसतो की तेवढ्यात मागे काहीतरी जागं होतं. विंडोजचं अपडेट किंवा अँटिव्हायरस, दोन्ही तेवढ्यापुरते थांबव.

तडतड फक्त जोराच्या ठिकाणी होत असेल तर ती यूएसबीची नव्हे, पातळी जास्त झाल्याची. इथे टाळ फसवतात. पेटी आणि गळा शांत दिसतात, पण टाळाचा पहिला ठोका सुईसारखा वर जातो. गजर जोरात आहे ती जागा लावून सगळ्यात उंच टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेव. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची जागा असते, कॅसेटला तिच्यातली बरीचशी लागतच नाही. खाली ठेवल्याने काही हरवत नाही. डेकला लाइन आउटची पातळी बदलायचं बटन असेल तर पातळी त्यानेच कमी कर. विंडोजचा सरकता खटका पुष्कळदा आवाजाचे आकडे झाल्यावर काम करतो, मग छाटलेली टोकं छाटलेलीच राहतात, फक्त बुटकी होतात. शक्य तोवर हेडफोनच्या भोकातून घेऊ नकोस, लाइन आउटमधूनच घे.

हे सगळं जमलं की मग बाबांच्या कॅसेटी. प्रत्येकीची पट्टी आधी उजेडात बघ. कडेला पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी. ती कॅसेट बाजूला ठेव, नाहीतर हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल. पट्टीमागचा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलेला असेल तर आवाज दबका येतो. पट्टी दुसऱ्या कवचात घालावी लागते. टाळ मंद वाटले तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघ, टाळ सगळ्यात लख्ख होतात तिथे थांब. बाबांनी ज्या डेकवर टेप केलं त्याचं हेड तुझ्यापेक्षा वेगळ्या कोनात असू शकतं. फिरवण्याआधी स्क्रूवर पेनने खूण करायला विसरू नकोस.

४८०००, १६ बिटने एका तासाची डब्ल्यूएव्ही फाइल सुमारे ६९० एमबी होते. ती जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेव. खरखर कमी करायचं, एमपी३ करायचं ते तिच्या प्रतीवर.

पिना पुसून अदलाबदल केल्यावर बिघाड कुठल्या बाजूला गेला, आणि चार्जर काढल्यावर घूं थांबली की नाही, एवढं दोन ओळींत कळव. बुरशीच्या कॅसेटी कागदाच्या पाकिटात वेगळ्या घालून ठेव. पाऊस उघडला की इकडे घेऊन ये, तोवर त्यांना हात लावू नकोस.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दत्ता