धुणं दोनदा, दळण एकदाच

एडिंबरा, 20 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "आता एआयच प्रोग्राम लिहितंय, मग तू प्रोग्रामिंगच्या भाषांची थिअरी कशाला शिकतोस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, पण तेव्हापासून प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. इथे चार वाजताच अंधार पडतो. संध्याकाळ मोठी मिळते, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात फंक्शनचा टाइप, म्हणजे त्यात कोणत्या जातीची वस्तू आत जाते आणि कोणत्या जातीची बाहेर येते, तो कसा शोधून काढायचा ते शिकलो, कागदावर, पेन्सिलीनं. असं एक फंक्शन घे की त्याला एक क्रिया आणि एक वस्तू दिली की ते ती क्रिया त्या वस्तूवर दोनदा करतं. बस, एवढंच. क्रिया कोणती, वस्तू कसली, काहीच ठाऊक नाही. तरी विचार करत गेलं की कळतं: पहिल्या खेपेला जे बाहेर येईल तेच दुसऱ्या खेपेला आत जाणार, म्हणजे आत जाणारं आणि बाहेर येणारं एकाच जातीचं हवं. धुणं दोनदा चालतं. कपडा आत, कपडाच बाहेर. दळणाचं तसं नाही. गहू घातले, पीठ आलं, आणि फक्त गहू घेणारी गिरणी ते पीठ परत घेणार नाही. प्रोग्राम एकदाही न चालवता चूक सापडली! वहीत शेवटचं समीकरण जुळलं तेव्हा मला शाळेतले भूमितीचे रायडर आठवले. तुला आठवतात ना?

ही रीत प्रोग्रामिंगमध्ये आणणारे संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर इथल्याच विद्यापीठातले. तर्कशास्त्रात हिंडली यांना ती 1969 मध्येच सापडली होती. मिल्नरनी 1978 मध्ये स्वतंत्रपणे मांडली. त्यांना यंत्राच्या मदतीनं सिद्धता करायच्या होत्या. त्यासाठीच्या एलसीएफ या प्रणालीचं हत्यार म्हणून एमएल ही भाषा जन्मली. तिच्यात 'प्रमेय' हा एक वेगळाच टाइप. त्या टाइपची वस्तू तर्काच्या नियमांतूनच तयार होते, दुसरी वाटच नाही. सिद्धता शोधणारा प्रोग्राम चुकांनी भरलेला असला तर त्याला सिद्धता सापडणार नाही, पण खोटं प्रमेय तो तुझ्या हातात देऊ शकणार नाही. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण आजच्या एआयला नेमकं हेच हवंय. 2024 मध्ये अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री या गूगल डीपमाइंडच्या दोन एआय प्रणालींनी मिळून गणित ऑलिंपियाडचे सहापैकी चार प्रश्न सोडवले, रौप्यपदकाइतके गुण. अल्फाप्रूफच्या सिद्धता लीन या, यंत्राला तपासता येतील अशा सिद्धता लिहिण्याच्या भाषेत होत्या, आणि लीनमध्ये सिद्धता तपासणं म्हणजे टाइप तपासणंच. अंदाज बांधणारं यंत्र कितीही हुशार असो, माझा भरवसा त्या छोट्याशा तपासनिसावर. मला हे दोन विषय वेगळे वाटतच नाहीत, बाळ्या.

रविवारी राष्ट्रीय संग्रहालयात फ्रेडी पाहिला. ढिगातले सुटे भाग उचलून खेळण्यातली गाडी जोडणारा इथला जुना रोबो. एआयवर टीका करणाऱ्या 1973 च्या लाइटहिल अहवालानंतर ब्रिटनमध्ये या संशोधनाचा पैसा आटला. फ्रेडीसमोर मी बराच वेळ उभा होतो.

आता तुला एक काम. एखादी क्रिया तिच्या स्वतःवरच केली, तर तिचा टाइप काय? पेन्सिल घेऊन बस आणि कुठे अडतं ते कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू