थंड उंचावरील शेती : आधी दिवस मोजा, मग बियाणे घ्या

महोदय,

थंड डोंगराळ भागात ‘इतक्या उंचीवर अमुक पीक’ असे तक्ते सर्रास दिले जातात. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते हे खरे, पण तेवढ्यावर पीक ठरवणे धोक्याचे. निरभ्र रात्री थंड हवा उतारावरून सरकत तळाशी साचते. त्यामुळे खालचे सपाट, कसदार शेत उतारावरच्या वावराआधी गोठते. आडव्या बांधावर दाट झाडी असेल, तर तिच्या वरच्या अंगालाही ही हवा तुंबते.

शेवटचे दहिवर (गोठलेले दंव) ते पुढचे पहिले दहिवर, हे मधले मोकळे दिवस आपल्याच शेतात मोजावेत. त्यातही दहिवराची सरासरी तारीख धरली की निम्म्या वर्षांत फटका ठरलेलाच. दहापैकी नऊ वर्षे निभावेल अशी तारीख धरावी. हवामान केंद्रातला तापमापक माणसाच्या छाती-डोक्याच्या उंचीवर असतो. तो २ अंश दाखवत असताना जमिनीलगत दंव गोठलेले असू शकते.

बियाण्याच्या पिशवीवरचे ‘७५ दिवस’ उबदार भागातले असतात. मका १० अंशांखाली जवळजवळ वाढतच नाही. दिवसाची सरासरी २२ अंश असेल तर त्याला रोज १२ अंशांची ऊब कामी येते, १६ असेल तर फक्त ६. म्हणजे तेच वाण दीडशे दिवस घेणार, आणि कणसात दाणा भरण्याआधी थंडी गाठणार! जवाचा हिशेब शून्य अंशापासून सुरू होतो, म्हणून थंडीत तो मक्यापेक्षा कितीतरी कमी रखडतो.

जव आणि वाटाणा कोवळेपणी थोडे दहिवर सोसतात. माती ५ अंशांवर आली की वाटाणा पेरता येतो. मोकळे दिवस सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. फुलोऱ्यात मात्र दोन्ही नाजूक. कुट्टू (बकव्हीट) सत्तर ते नव्वद दिवसांत येतो म्हणून तो भरवशाचा मानतात. तो समज चुकीचा आहे, एका दहिवरात तो झोपतो. घेवड्याला माती १५ अंश तरी हवी, नाहीतर बी कुजते. कोबीची लागण घाईने केली आणि पेन्सिलीएवढ्या जाड खोडाची रोपे काही आठवडे १० अंशांखाली राहिली, तर गड्डा न धरता फुलदांडा निघतो.

बटाट्याला उतार द्यावा, तळ नव्हे. दहिवराने पाला जळला तर खालून पुन्हा फुटतो, पण गेलेले दिवस परत मिळत नाहीत. थंडीत विषाणू पसरवणारा मावा कमी असल्याने विषाणूमुक्त बेण्यासाठी असा भाग उत्तम. ओलसर धुक्यात करप्यावर मात्र लक्ष हवे.

आच्छादनाबद्दलही एक सांगायला हवे. दहिवराच्या हंगामात ओळींमधला पेंढा मातीची ऊब वर येऊ देत नाही आणि पीक अधिक गारठते. त्या काळात जमीन उघडी, दाबलेली व ओलसर ठेवावी आणि पाणी आदल्या दिवशीच, ऊन असताना द्यावे.

– एक वाचक