एजंटकडची किल्ली

पुणे

ति. आई-बाबांना सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला करारनाम्याचा फोटो काल रात्री मोठा करून शब्दन् शब्द वाचला. फोनवर विषय काढला की "जाऊ दे, अजून महिनाभर बघू" म्हणता, म्हणून लिहून पाठवतेय. आता महिनाभर बघू नका. नाशिकचं घर विकायला नेमलेल्या त्या एजंटचा करार संपवूया.

परवा आईने सांगितलं ते डोक्यातून जातच नाहीये. दुपारी ती आडवी झालेली, आणि हा बेल न वाजवता स्वतःकडच्या किल्लीने दार उघडून दोन माणसं घेऊन थेट आत! आई पदर सावरत उठली आणि वर त्यांना चहाही केला. त्यातला एक ओट्यावर हात फिरवून म्हणाला, "हे सगळं तोडावं लागेल." सातपूरला रात्रपाळ्या करून बाबांनी तो ओटा बांधून घेतलाय. इंदिरानगरचं घर विकायचं ठरलंय, पण ते अजून तुमचंच आहे.

करारात लिहिलंय की 6 महिने घर फक्त त्याच्यामार्फत विकायचं. पण पुढच्याच पानावर, बारीक अक्षरात, 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणालाही करार संपवता येईल असंही आहे. तेव्हा सही करून अडकलो असं मनात आणू नका. मात्र रागाच्या भरात फोनवर "उद्यापासून येऊ नकोस" म्हणू नका. 1872 च्या करार कायद्यात कलम 206 आहे, त्याप्रमाणे वाजवी मुदतीची नोटीस न देता एजंटला काढलं आणि त्यात त्याचं नुकसान झालं, तर ते आपल्याला भरून द्यावं लागतं. शिवाय त्याला कळेपर्यंत त्याचा अधिकार संपत नाही. म्हणून नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवू आणि पावती फाइलला लावू.

खरी मेख दुसरीकडे आहे. करार संपल्यावर 90 दिवसांत त्याने दाखवलेल्या गिऱ्हाइकाने घर घेतलं, तर 2 टक्के दलाली त्याचीच. घर 60 लाखांना गेलं तर 1 लाख 20 हजार. तोवर नवा एजंट नेमलेला असला तर दोघंही हात पुढे करतील. म्हणून त्याने आणलेल्या पाचही गिऱ्हाइकांची नावं तारखांसकट त्याच्याकडून लेखी घ्यायची. त्यातलं कोणी परत आलं तर त्याचे पैसे त्याला द्यायचे, त्यात घासाघीस नको. खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, यांच्या झेरॉक्स परत मागू, फाटकावरचा बोर्ड काढायला लावू. किल्ली परत आली तरी कुलूप बदलायचंच.

बाबा, पोरगा सिन्नरचा, आपल्या गावाकडचा, त्याला वाईट वाटेल, ही तुमची अडचण मला कळते. पण प्रत्येक वेळी भाव खाली आणा म्हणताना त्याने तुमच्या मनाचा विचार केला का? भांडायचं नाहीये. नोटिशीत "आजवर केलेल्या मदतीबद्दल आभार" असं मी मुद्दाम लिहिलंय. मसुदा सोबत आहे. सही मात्र मी आल्यावर करा.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघतेय. द्वारकेला उतरून रिक्षाने येईन, स्कूटर घेऊन घ्यायला येऊ नका. आई, तोवर दुपारी झोपताना दाराला आतून कडी लाव.

तुमची,
ताई