उच्चारांवर नापास करता, मग उच्चार शिकवता कधी? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

इंग्रजीच्या नव्या पुस्तकात ध्वनिचिन्हांचा, म्हणजे प्रत्येक आवाजासाठी ठरलेल्या चिन्हांचा, तक्ता असेल आणि प्रत्येक धड्याला उच्चार समजावणारा व्हिडिओ जोडलेला असेल, असे आपण गेल्या वर्षी जाहीर केले होते. या आठवड्यात ते पुस्तक माझ्या भाचीला मिळाले. त्यात तक्ता नाही. क्यूआर कोड स्कॅन केला, तर कोणीतरी धडा एका सुरात वाचून दाखवते आहे. जीभ कुठे ठेवायची, आघात म्हणजे जोर कुठे द्यायचा, याबद्दल अवाक्षरही नाही. दिलेला शब्द आपण इतक्या सहज कसा काय विसरलात?

मी मराठी माध्यमात शिकले. शाळेत स्पेलिंग पाठ केले, व्याकरण घोटले, गुणही चांगले मिळवले. पण मुलाखतीला बसले की माझ्या विषयाचे ज्ञान बाजूला राहते आणि समोरचे माझा एखादा उच्चार धरून बसतात. मागच्या मुलाखतीत ‘डेव्हलप’ म्हटल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. या शब्दात जोर ‘डे’वर नसतो, त्याच्या पुढच्या भागावर असतो, हे एकाही वर्गात मला कोणी सांगितले नव्हते. शब्दकोशात ज्या भागावर जोर, त्याच्या आधी एक छोटी उभी रेघ असते. ती रेघ ओळखायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे तुमच्या अभ्यासक्रमात कधीच निघाली नाहीत.

शेवटी मी फोनवरच्या फुकट व्हिडिओंतून शिकले. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे व्हिडिओ एकेक ध्वनी घेऊन तोंड जवळून दाखवतात. ते लावून मी आरशासमोर उभी राहायचे. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा ‘वेट’ म्हणताना दात लांब राहतात आणि ओठ गोल होऊन पुढे येतात. ‘थिंक’मध्ये जिभेचे टोक दातांमध्ये येते आणि हवा न अडता बाहेर पडते. आपल्या ‘थ’मध्ये ती आधी अडते, मग सुटते. इतकी साधी गोष्ट, पण ती मला परक्या देशातल्या माणसाने शिकवली, माझ्या शाळेने नाही.

आणि व्हिडिओ आहेत ना, मग तक्रार कसली, असे म्हणू नका. व्हिडिओ माझे ऐकत नाही. माझे चुकते आहे, हे तो सांगू शकत नाही. त्यात एक ब्रिटिश उच्चार शिकवतो, दुसरा अमेरिकन. ‘गो’मधल्या स्वराला एक शब्दकोश एक चिन्ह देतो, दुसरा दुसरे. ‘जे’ अक्षराचे चिन्ह ‘य’साठी वापरतात, हे कळेपर्यंत नवशिका प्रत्येक ‘यस’ला अडखळतो. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर उलट्या इंग्रजी ‘ई’ने (ə) दाखवतात, आणि दहावी झालेल्या किती मुलांनी ते चिन्ह पाहिले आहे, हे तुम्हीच शोधून काढा. एक जाणकार शिक्षक हा गुंता एका तासात सोडवतो.

ही काही कालपरवाची विद्या नाही. 1886 साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनीच एकत्र येऊन संघटना काढली आणि 1888 मध्ये ध्वनिलिपी प्रसिद्ध केली. ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश 1917 चा. इंग्रजीत अक्षरे 26 आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारातले ध्वनी 44, म्हणजे स्पेलिंगवरून उच्चार कळणार नाही हे उघड आहे. शंभराहून अधिक वर्षे साधन तयार आहे, आणि आमच्या मुलांना अजून शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून दिला जातो. ‘थिंक’मधला आवाज आणि आपला ‘थ’, दोन्हींना ‘थ’ लिहून मोकळे!

आमची मुले हे शिकू शकत नाहीत, असे कोणी तुमच्या कानात सांगत असेल, तर ते खोटे आहे. ‘जाळे’ आणि ‘जीवन’ यांतला ‘ज’ वेगळा, हे मराठी मूल न शिकवता बोलते. अक्षर एक आणि आवाज दोन, ही गोष्ट त्याच्या तोंडातच आहे. तिथून सुरुवात करणारा एक धडा लिहायला कितीसा खर्च येतो?

लंडनचा लहेजा मला नको आहे. माझे इंग्रजी मराठी वळणाचेच राहील आणि राहावे. समोरच्याला शब्द कळावा, एवढेच मागणे आहे. पण तुमची सगळी व्यवस्थाच कागदावर चालते. भाषेची परीक्षा कागदावर, तोंडी परीक्षेचे गुण मूल तोंड उघडण्याआधीच भरलेले, शिक्षकांचे प्रशिक्षण सहीपुरते. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जाते त्यांची मुले ऐकून शिकतात, बाकीच्यांनी पदवी घेऊन मुलाखतीत मान खाली घालायची. नोकरी देताना कान लावून ऐकणारी ही व्यवस्था शिकवताना मात्र मुकी असते. हा अन्याय आहे, आणि तो तुमच्या सहीने चालू आहे.

पुस्तकाच्या पुढच्या छपाईत तक्ता छापा. शिक्षकांना ध्वनिचिन्हे शिकवा. तोंडी परीक्षेत मुलांना खरोखर बोलू द्या. आणि गेल्या वर्षीची घोषणा कोणी, कोणत्या बैठकीत गुंडाळली, ते लेखी कळवा.

आपली,
इंग्रजी अजूनही शिकत असलेली एक नागरिक