कॉम्प्युटर न विकणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

तुमचं नाव घालत नाही. ‘नाव नको ताई, उद्या अख्खा सातारा फुकट विचारायला येईल,’ असं तुम्हीच बजावलंत. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले आणि जो तो मला सांगायला लागला, नवीन मशीन घेऊन टाका. माझ्या मशीनचा प्रोसेसर आय-थ्री, सातव्या पिढीचा. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे प्रश्नच मिटला. तुम्हीही हेच म्हणाला असतात तर मी ऐन लग्नसराईत पैसे उभे केले असते आणि तुम्हालाही चार पैसे सुटले असते. तुम्ही म्हणालात, ‘घाई नाही. एक वर्षाचे सुरक्षा अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. तोवर चालवून बघा, मग ठरवा.’

लग्नपत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय मी छपाईला देत नाही. कॉम्प्युटरचंही प्रूफ काढता येतं हे तुमच्यामुळे कळलं.

लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी यंत्रणा भरलेला पेन ड्राइव्ह तुम्ही लावलात, चालू होताना एफ-१२ दाबलंत आणि सगळी यंत्रणा त्या पेन ड्राइव्हवरूनच उभी राहिली. हार्ड डिस्कवरच्या माझ्या पत्रिकांना हातसुद्धा लागला नाही. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चं चित्र होतं, त्याला आज शिवायचं नाही अशी तंबी मिळाली. पेन ड्राइव्हवरून जरा हळू चालतं आणि बंद केलं की केलेले बदल पुसले जातात, हेही आधीच सांगितलंत, म्हणून मला धास्ती वाटली नाही. प्रिंटर लागला. वायफाय लागलं. स्कॅनरने थोडा त्रास दिला.

मग तुम्ही खुर्ची मला दिलीत. देवनागरी टायपिंगची इन्स्क्रिप्ट ही कीबोर्ड मांडणी लावून मी पहिला शब्द टाइप केला ‘वऱ्हाडी’. शिफ्ट-जे, डी, मग ह. र ला हलन्त न लटकता तो हवा तसा अर्धा वळला आणि मला हायसं वाटलं. ‘दुसऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ही बरोबर आले. बाकी कौतुक नंतर. पत्रिकेत वऱ्हाड चुकलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.

जुन्या फायली मात्र उघडल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तीच राहण्याची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, तो फॉन्ट नसला की हेच होणार, हे तुम्ही न हसता समजावलंत. माझ्याकडचा फॉन्ट तिथे टाकल्यावर वाचता आलं. पण दुरुस्ती करायची तर आमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर हवं, आणि ते फक्त विंडोजवर चालतं.

खरे आभार इथून पुढचे आहेत. दुकानातल्या नव्या मशीनवर तुम्ही विंडोज ११ची एंटरप्राइज चाचणी आवृत्ती टाकलीत. ती मायक्रोसॉफ्टच ९० दिवसांसाठी फुकट देतं, मुदत संपली की मशीन तासातासाला बंद पडतं. ‘तुमचं लॉक घेऊन या,’ म्हणालात. जे लावल्याशिवाय आमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतच नाही, ते यूएसबी लॉक मी घेऊन आले, लावलं, आणि माझ्या जुन्या आवृत्तीने ते ओळखलंच नाही! नवीन मशीन घेतलं असतं तर वर नवीन सॉफ्टवेअरचाही खर्च बसला असता, आणि ते मला पैसे मोजून झाल्यावर कळलं असतं.

आता त्याच जुन्या मशीनवर मिंट आहे, नवं सगळं काम युनिकोडमध्ये. शेजारी जुनं विंडोज ठेवलंय, इंटरनेट तोडून, फक्त जुन्या पत्रिका काढायला. मिंटमध्ये ओळींमधलं अंतर अजून मनासारखं जमत नाही, ते एकदा येऊन बघा.

तुम्ही माझ्याकडून फक्त पेन ड्राइव्हचे पैसे घेतलेत. पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतले प्रेसवाले काका येतील, त्यांनाही मशीन घ्यायचंय. त्यांचं लॉक आणि एक जुनी फाइल बरोबर आणायला सांगितलंय. त्यांच्याकडून मात्र तुमच्या वेळेचे पैसे घ्या, मी बोलून ठेवलंय.

आपली,
पत्रिका आणि टायपिंगवाली ताई