भाव पडू दे, असं मी म्हणालो होतो

सोलापूर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पहाटे चारला नळाला पाणी आलं. आज पाचवा दिवस. टाकी भरेपर्यंत झोप नाही, म्हणून लिहायला बसलो. रविवारी तू फोन ठेवलास तो ठेवलासच. "अप्पा, तुम्हाला इथलं काय माहीत?" हे तुझं बरोबरच होतं. तरी दोन दिवस जेवण गेलं नाही. आईला हे सांगू नकोस, ती म्हणेल तुम्हीच सुरू केलं.

"डब्लिनला आत्ता घर घेऊ नका, भाव पडू दे, मग घ्या," असं मी ठणकावून बोललो. बत्तीस वर्षं बँकेत कर्ज खात्यात काढली, त्याची मिजास. मग धाकट्याकडून मोबाईलवर तिथलं सगळं काढून घेतलं आणि वाचत बसलो.

२००७ साली तिकडे आयर्लंडमध्ये घरांचे भाव शिखरावर होते आणि २०१३ उजाडेपर्यंत निम्म्याहून खाली आले. आधी वाटलं, बघ, मी म्हणत नव्हतो? पण पुढे वाचलं तर बेकारी पंधरा टक्क्यांच्या आसपास. बँका बुडायला आलेल्या. २०१० ला खुद्द सरकारनेच युरोपकडे आणि नाणेनिधीकडे पदर पसरलेला. घर अर्ध्या किमतीत, पण कर्ज द्यायला कोणी तयार नाही. अर्धवट वसाहती पावसात तशाच उभ्या, आणि पोरं निघाली ऑस्ट्रेलिया-कॅनडाला. ज्यांनी आधी घेतलं होतं, त्यांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं. दिवाळखोरीतून सुटायला तेव्हा तिथल्या कायद्याने १२ वर्षं लागायची. (आता एका वर्षात सुटतात म्हणे. आमचे वसुलीवाले हे ऐकून खुर्चीवरून पडले असते.)

वाचता वाचता मला आपली मिल बंद झाली ते दिवस आठवले. तू बालवाडीत होतीस. आपण वाड्यातल्या दोन खोल्यांत. भोंगा थांबला आणि सहा महिन्यांत मिलमागच्या गल्लीत घरं विकायला निघाली. लाखाचं घर साठ हजाराला. आई म्हणाली, आता घेऊन टाकू. मी साहेबांकडे गेलो, तर म्हणाले, त्या भागात सध्या कर्ज बंद. माझ्याकडे रोख अकरा हजार, आजोबांचा फंड अडकलेला. आई पाटल्या मोडायला निघाली होती, मीच नको म्हणालो. ज्याच्याकडे रोकड होती, त्या एकट्याने सहा घरं घेतली.

त्यातलं एक तात्यांचं. त्यांच्या दारावर बँकेची नोटीस चिकटवायला मीच गेलो होतो. खळ आईनेच करून दिली होती, कणकेची. तात्यांनी मला चहा विचारला. पुढचं तुला माहीत आहे.

जुळे सोलापुरातलं हे घर आपण आठ वर्षांनी घेतलं, चढ्या भावात. पगार वाढला होता आणि कर्ज मिळत होतं, म्हणून जमलं. स्वस्त होतं तेव्हा परवडलं नाही, महाग झालं तेव्हा परवडलं. हे मी जगलेला माणूस, आणि तुला म्हणतो भाव पडू दे!

कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं २००६ साली झाली, तू बघितली आहेस. तिथे काही फुगा फुटला नव्हता. थोडे पैसे केंद्राने घातले, थोडे राज्याने आणि थोडे बायकांनी, म्हणून विड्या वळणारीच्या नावावर घर झालं.

तुमच्याकडे २००६ मध्ये वर्षाला नव्वद हजाराच्या आसपास घरं बांधत होते. फुगा फुटल्यावर दहा हजारही होईनात. बिल्डर बसले, गवंडी देश सोडून गेले. माणसं पुन्हा वाढली, पण त्या मानाने घरं वाढली नाहीत. तू भाड्यापायी रडतेस त्याचं मूळ त्या पडलेल्या भावातच आहे. २०२२ मध्ये किमतींनी २००७ चं शिखर ओलांडलं. एक बरं आहे, २०१५ पासून तिथली मध्यवर्ती बँक, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी, घरकर्जावर लगाम ठेवून आहे. आधी पगाराच्या साडेतीनपट, आता पहिलं घर घेणाऱ्याला चौपट. तेव्हा मागच्यासारखं होईलच असं नाही.

पण ताई, ती चौपट तुमच्या दोघांच्या पगाराची आहे ना? एक पगार थांबला तर हप्ता निघेल का? जावईबापूंची कंपनी माणसं कमी करते आहे, असं तूच दिवाळीत म्हणालीस. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करायची नाही. व्याज किती वर्षं स्थिर आहे ते कागदावर वाच, तोंडी ऐकू नकोस. पिल्लूच्या पाळणाघराचे पैसे धरलेत का? आणि एकाच पगारात...

झालं, पुन्हा मी नोटीस चिकटवायला लागलो. माफ कर. हा प्रश्न परत विचारणार नाही.

काल सात रस्त्यावर भाऊ भेटले. त्यांना सांगून टाकलं, आमची ताई तिकडे स्वतःचं घर बघते आहे, मागे बाग आहे. अजून नक्की नाही हे सांगायला विसरलो. त्यांनी पेढे मागितले, तेही देऊन टाकले.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवतो आहे, गड्ड्याच्या यात्रेहून पिल्लूसाठी घेतलेली शिट्टीपण. तुझ्या आईची शुगर बरी आहे. माझी विचारू नकोस.

टाकी भरली. सोमवारी बँकेत गेलो होतो. आमची ती मोठी ठेव जूनमध्ये संपते. त्याआधी मोडली तर व्याज एक टक्क्याने कमी मिळतं, विचारून आलो आहे. तुम्हाला सुरुवातीचे दहा टक्के भरायला कमी पडत असतील तर सांग. आईला विचारलं, ती म्हणाली, पाटल्या तेव्हा मोडू दिल्या नाहीत, आता तरी नाही म्हणू नका.

तुझा,
अप्पा