फिटनेसचा दाखला आणि सहा दिवसांची हजेरी

मा. संपादक,

आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून माझी २२ वर्षं गेली, त्यांतली तीन लडाखात. गेल्या आठवड्यात आमच्या गावची चार पोरं विमानाने लेहला गेली, मोबाईल टॉवरच्या कामाला. टॉवर हानलेकडे, म्हणजे १४ हजार फुटांवर. निघण्याआधी त्यांचे फिटनेसचे दाखले पाहिले. बीपी, नाडी, वजन आणि खाली शिक्का. ईसीजी नाही, हिमोग्लोबिन नाही, छातीला स्टेथोस्कोपसुद्धा लागला नव्हता म्हणे. चौघांतला एक मूळचा नंदुरबारचा. सिकलसेलची, म्हणजे तिकडे बऱ्याच जणांत आढळणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीय का विचारलं, तर "मला कुठं काय त्रास आहे?" सिकलसेलच्या नुसत्या वाहकाला गावात सहसा त्रास होत नाही. विरळ हवेत मात्र प्लीहेचा (पोटातल्या स्प्लीनचा) रक्तपुरवठा तुटून पोटात जीवघेणी कळ येऊ शकते.

या तपासण्या व्हायलाच हव्यात. पण त्या सगळ्या चांगल्या आल्या तरी वर गेल्यावर कोणाच्या फुप्फुसात पाणी होईल, हे साताऱ्यात बसून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मी पाहिलेले बहुतेक पेशंट विशीतले, तालमीतले होते. अंगात रग, म्हणून पोचल्या दिवशीच धावपळ. मग दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कोरडा खोकला आणि बसल्या जागी धाप. म्हणूनच फौजेत ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस काढल्याशिवाय कोणाला वर सोडत नाहीत, आणि त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम. १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्याहून वर आणखी चार. लांब सुट्टीवरून परतलेल्या जवानालाही पुन्हा पहिल्यापासून.

जवानाचा पगार त्या दिवसांतही चालू असतो. या पोरांची हजेरी मात्र कामाला हात लागल्यापासून. मग डोकं फुटायची वेळ आली तरी कोण सांगेल? विश्रांतीचे दिवस पगारी, असं काम देणाऱ्या कंपन्यांनी ठेक्याच्या करारातच लिहून घ्यावं आणि कामगार खात्याने ते तपासावं.

करोनात घेतलेला आमचा ऑक्सिमीटर मी पोरांच्या पिशवीत टाकलाय. लेहला पहिल्या दिवशी ८५-९० दिसलं तर घाबरू नका, पण स्वस्थ बसूनही आकडा उतरत राहिला, धाप लागली, तर ऑक्सिजन लावून रात्रीच खाली उतरा, सकाळची वाट बघू नका, असं बजावलंय. ठेकेदारालाही फोन करून सहा दिवसांच्या हजेरीचं विचारलं.

"काका, विमानात आरामच केला की त्यांनी," म्हणाला.

– एक निवृत्त हवालदार, ता. कोरेगाव, जि. सातारा